सिंहस्थात हरवलेली आजी रात्री कुठे झोपणार?

मेलेल्या पितरांच्या शांतीसाठी देशभरातून लोक त्र्यंबकेश्वरला येतात. नारायण नागबळी तीन दिवस चालतो, त्रिपिंडी श्राद्ध होते, कालसर्पाची पूजा होते. त्यासाठी राहण्याची, जेवणाची, सामानाची सगळी सोय गावात आहे. त्या विधींबद्दल आपले मत काय आहे हे इथे नव्याने सांगायची गरज नाही. आजचा प्रश्न जिवंत माणसांचा आहे. ज्यांना आपले नाव आठवत नाही, गाव सांगता येत नाही, आपण कुणाबरोबर आलो हे कळत नाही, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी या गावात, या तालुक्यात, किंबहुना संपूर्ण नाशिक जिल्ह्यात सरकारची काय सोय आहे?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. जाहीर कार्यक्रमानुसार ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण आहे. २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्य स्नाने आहेत. मेळा २०२८ च्या जुलैपर्यंत चालेल. त्यासाठी कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे. रस्ते, घाट, वाहनतळ, सांडपाणी यांवर हजारो कोटींचा खर्च ठरतो आहे.

प्रत्येक मेळ्यात माणसे हरवतात. त्यांत म्हातारी माणसे बरीच असतात. काही गर्दीत हात सुटल्यामुळे हरवतात, काहींचा हात मुद्दाम सोडलेला असतो. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ साली 'भूले भटके शिबिर' सुरू केले आणि आयुष्यभर चालवले, ते याच कारणाने. भोंग्यावरून नाव पुकारले की मुलगा धावत येतो आणि आईला घेऊन जातो. पण जिला स्वतःचेच नाव सांगता येत नाही, तिचे नाव कोण पुकारणार? आणि संध्याकाळपर्यंत कुणीच आले नाही, तर ती रात्री कुठे झोपणार?

हा म्हातारचळ नव्हे

'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण हा विषय हसण्यावारी नेतो. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा वयाबरोबर सगळ्यांनाच येणारा विसराळूपणा नव्हे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच न कळणे वेगळे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे नुकसान हे दुसरे, आणि त्यामागे बऱ्याचदा उपचार न केलेला रक्तदाब आणि मधुमेह असतो. आधी ताज्या गोष्टी जातात, मग दिवस-वार, मग रस्ते, मग माणसे. संध्याकाळ झाली की अनेकांची घालमेल वाढते. 'मला घरी जायचंय' म्हणत माणूस स्वतःच्याच घरातून बाहेर पडतो आणि चालत सुटतो.

अचानक आलेला गोंधळ मात्र दर वेळी डिमेन्शिया नसतो. ताप, लघवीचा संसर्ग, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, चुकीची औषधे यांमुळेही असे होते आणि ते बरे होऊ शकते. म्हणून 'वय झालं' असे म्हणून गप्प बसू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे.

शब्दांनाही महत्त्व आहे. जपानमध्ये या आजाराचा जुना शब्द मूर्खपणाच्या अर्थाचा होता. सरकारने २००४ मध्ये तो अधिकृतपणे बदलला. आपल्याकडे अजून 'वेडी झाली', 'चळ लागला', काही गावांत तर 'बाहेरचं लागलं' असे म्हटले जाते. निदान न झाल्यामुळे घरातल्या माणसालाही वाटते की आई मुद्दाम त्रास देते आहे. मग शिव्या आणि मार सुरू होतो.

शाळेचे बंद दार आणि म्हातारपणीचा आजार

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे डिमेन्शियासह जगत आहेत. याच अभ्यासात दोन गोष्टी ठळक दिसल्या. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आहे. शिक्षण जितके कमी, तितका धोका अधिक.

२०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. ती दूर केली तर जगातल्या सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असे आयोग म्हणतो. त्या यादीत लहानपणी न मिळालेले शिक्षण आहे. उपचार न झालेले बहिरेपण आणि अधू दृष्टी आहे. रक्तदाब, मधुमेह, डोक्याला झालेली इजा, दारू, तंबाखूचा धूर, प्रदूषित हवा आणि एकटेपणा आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि आपल्या वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आजीला डोळ्यांसमोर आणा. तिला शाळा मिळाली नाही. आयुष्य चुलीच्या धुरात गेले. बांधकामावर, वीटभट्टीवर, द्राक्षबागेत काम केले. मोतीबिंदू झाला तरी ऑपरेशन पुढे ढकलले. कानाचे यंत्र कधी पाहिले नाही. जातिव्यवस्थेने तिच्यासाठी शाळेचे दार बंद केले, त्याची वसुली साठ-सत्तर वर्षांनी तिच्या मेंदूतून होते आहे. म्हणून डिमेन्शिया हा पैसेवाल्यांच्या घरातला, शहरी आजार आहे असे समजणे चूक आहे. त्यांच्याकडे निदान होते म्हणून तो तिथे दिसतो. आपल्याकडे निदानच होत नाही म्हणून तो दिसत नाही.

आपल्या चळवळीच्या इतिहासाशीही याचा थेट संबंध आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी आईचे बोट धरून गेलेली मुले आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला विशीतला तरुण आज ऐंशीच्या पुढे आहे. आपण त्यांना जयंतीला व्यासपीठावर बसवतो, शाल देतो. जयंतीनंतरच्या ३६४ दिवसांत त्यांना कोण आंघोळ घालते, हे आपण विचारत नाही.

आज ती कुठे जाते?

नाशिक जिल्ह्याचा ढोबळ हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. त्या वेळी महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे साधारण एक जण साठीच्या पुढचा होता. म्हणजे जिल्ह्यात सुमारे सहा लाख ज्येष्ठ. देशाचे ७.४ टक्के प्रमाण लावले तर ही संख्या ४५ हजारांच्या आसपास जाते. हा केवळ अंदाज आहे, आणि तोही पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवरचा. या ४५ हजारांपैकी शंभरात एकालाच सांभाळणारे कुणी नाही असे धरले, तरी साडेचारशे माणसांना आज छप्पर आणि सोबत हवी आहे.

त्यांच्यासाठी काय आहे? पहिला पर्याय वृद्धाश्रम. राज्यात १९९५ पासून 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आहे, खासगी आणि संस्थांचे आश्रमही आहेत. पण अनेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या, स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्या माणसालाच घेतात. विसरणारी, रात्री उठून दार उघडणारी, कपड्यांत लघवी करणारी व्यक्ती त्यांना नको असते. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच दार बंद.

दुसरा पर्याय मनोरुग्णालय. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. शिवाय डिमेन्शिया असलेल्या माणसाला उंच भिंतींची आणि मोठ्या वॉर्डाची गरज नसते. त्याने त्याचा गोंधळ वाढतो.

तिसरा पर्याय खासगी डिमेन्शिया केंद्र. मुंबई-पुण्याकडे अशी चांगली केंद्रे आहेत. त्यांतल्या अनेकांचा महिन्याचा खर्च तीस हजारांच्या पुढे जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्याचा पगार तेवढा नसतो.

उरतो चौथा पर्याय, आणि बहुसंख्य घरांत तोच चालतो. सून किंवा मुलगी कामावर जाताना दाराला बाहेरून कडी लावते. आत म्हातारी, एक पाण्याचा तांब्या आणि झाकून ठेवलेली भाकरी. ती सून दुष्ट नसते. ती कामावर गेली नाही तर घरात चूल पेटत नाही. काही ठिकाणी सासूला सांभाळण्यासाठी ती कामच सोडते, मग घराचे उत्पन्न अर्धे होते आणि तिचे स्वतःचे आयुष्य चार भिंतींत संपते. 'आपल्या संस्कृतीत आईवडिलांना घरीच सांभाळतात' असे भाषणात म्हणणारे ही कडी पाहत नाहीत. ते म्हणतात 'कुटुंब सांभाळते', आणि त्याचा अर्थ असतो 'एक बाई फुकटात सांभाळते'.

घर हवे, पण सोबतीसह

यावर जगात जो मार्ग सापडला आहे त्याला सोप्या मराठीत 'सोबतीचे घर' म्हणू. वस्तीतले साधे घर. त्यात पाच-सहा माणसे. चोवीस तास कुणी तरी प्रशिक्षित सोबतीला. स्वयंपाकघर उघडे, म्हणजे भाजी निवडता येते, लसूण सोलता येतो. दारांवर चित्रे, म्हणजे संडास कुठला हे वाचता न येणाऱ्यालाही कळते. अंगण कुंपणाचे, म्हणजे चालावेसे वाटले तर चालता येते आणि हरवता येत नाही. आठवड्याला नर्स येते, गरज पडली तर डॉक्टर.

जपानने २००० मध्ये दीर्घकालीन काळजीचा सार्वजनिक विमा सुरू केला आणि त्यात अशा घरांचा समावेश केला. तिथे एका गटात पाच ते नऊ माणसे असतात. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळ होखवेक नावाची वसाहत २००९ मध्ये उघडली. तिथे दुकान, बाग, उपाहारगृह सगळे आहे आणि राहणारे सगळे डिमेन्शियाचे. केरळने २०१४ मध्ये 'स्मृतिपथम' नावाने सरकारी उपक्रम सुरू करून दिवसभराची आणि पूर्ण वेळची केंद्रे उघडली. म्हणजे हे फक्त श्रीमंत देशांनाच जमते असे नाही.

आपल्या राज्यातही धागा आहे. चेन्नईची 'द बनियन' ही संस्था दीर्घकाळ मनोरुग्णालयात अडकलेल्या लोकांसाठी 'होम अगेन' नावाचा उपक्रम चालवते. साध्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जण, सोबत एक कार्यकर्ती. तो उपक्रम महाराष्ट्रातही आला. तो डिमेन्शियासाठी खास नाही, पण भारतातल्या साध्या गल्लीत, साध्या शेजाऱ्यांमध्ये असे घर चालते हे त्याने दाखवले आहे.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोहोचवते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला औषध लागू पडले की बऱ्याचदा गावाचा पत्ता आठवतो, मग घर सापडते. डिमेन्शियात तसे होत नाही. हरवलेला पत्ता औषधाने परत येत नाही. त्यामुळे 'उपचार करा आणि घरी पाठवा' हे सूत्र इथे अपुरे पडते. ज्या आजीचा पत्ता कधीच सापडणार नाही, तिला नवा पत्ता द्यावा लागतो. सोबतीच्या घराची मागणी इथून येते.

ही दया नाही, कायदा आहे

कार्यकर्त्यांनी काही कलमे पाठ ठेवावीत.

संविधानाचे कलम ४१ सांगते की बेकारी, वार्धक्य, आजार, विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे परिणामकारक तरतूद करावी.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याच्या कलम १९ नुसार राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एक याप्रमाणे, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारू शकते. 'उभारू शकते' या शब्दांमागे सरकारे लपतात. सर्वोच्च न्यायालयाने अश्विनी कुमार प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती गोळा करायला सांगितली, ते म्हणूनच. मुलांकडून पोटगी मागायची असेल तर प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. वृद्ध व्यक्तीला टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडून जाणे हा कलम २४ नुसार गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाचा कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. त्यातली मानसिक आजाराची व्याख्या विचार, भावना यांच्याबरोबर स्थळकाळाचे भान आणि स्मृती यांतील गंभीर बिघाडालाही लागू होते. म्हणजे दैनंदिन जगणे कोलमडवणारा डिमेन्शिया त्यात बसतो. कलम १८ नुसार सरकारने द्यायच्या सेवांत आधारासह निवासाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १९ म्हणते की कुटुंब नाही, कुटुंबाने नाकारले किंवा घर नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मानसिक आरोग्य संस्थेत डांबून ठेवता येणार नाही. समाजातच राहता येईल अशी गटनिवासासारखी घरे सरकारने वाजवी मुदतीत उभी करावीत. कलम १०० नुसार भटकत असलेली अशी व्यक्ती सापडली तर पोलिसांनी तिला कोठडीत ठेवायचे नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आणि बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घ्यायचा.

कायदा होऊन इतकी वर्षे झाली. 'वाजवी मुदत' म्हणजे किती, हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

पैसा आहे, क्रम चुकला आहे

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तर येईल. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. साठ वर्षांवरील व्यक्तीच्या तीर्थयात्रेसाठी सरकार कमाल ३० हजार रुपये खर्च करते. यादीत बौद्ध स्थळेही आहेत, म्हणजे हा आक्षेप एका धर्माविरुद्ध नाही. निराधार वृद्धाला श्रावणबाळ योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. एका यात्रेच्या कमाल खर्चात वीस महिन्यांचे निवृत्तिवेतन बसते. यात्रेसाठी आनंदाने जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण परत आल्यावर घरात त्यांची काळजी कोण घेणार, या प्रश्नासाठी तरतूद कुठे आहे?

केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत अल्झायमर आणि डिमेन्शियाग्रस्त ज्येष्ठांच्या निवासासाठी संस्थांना अनुदानाची तरतूद आहे. त्र्यंबकेश्वर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. इथल्या ग्रामपंचायतींना पेसाचा पाच टक्के अबंध निधी मिळतो. त्यावर सिंहस्थाचा निधी आहे. तरतुदी वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या आहेत. समाजकल्याण म्हणते हा आरोग्याचा विषय, आरोग्य म्हणते हा समाजकल्याणाचा, आणि आदिवासी विकासाला तर हा विषय आहे हेच माहीत नाही.

म्हणून सिंहस्थाच्या निमित्ताने पुढील मागण्या कराव्यात:

१. नाशिक रोड स्टेशन, बस स्थानके, वाहनतळ आणि कुशावर्ताच्या वाटेवर ज्येष्ठांच्या मनगटाला फोन नंबरची पट्टी बांधण्याची मोफत सोय असावी. हरवले-सापडले केंद्रावर डिमेन्शिया ओळखू शकणारे, वेगवेगळ्या भाषा बोलणारे प्रशिक्षित स्वयंसेवक असावेत.

२. त्र्यंबकेश्वरमध्ये गर्दी आणि भोंग्यांपासून दूर, दहा-बारा खाटांचे शांत रात्रनिवास असावे. ते ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेले असावे.

३. मेळा संपल्यावर तंबू उठतील. पण ज्यांना कुणी न्यायला आले नाही त्यांच्यासाठी आणि स्थानिकांसाठी जिल्ह्यात किमान चार कायमची सोबतीची घरे उभी राहावीत. त्यांपैकी एक त्र्यंबकेश्वरला, एक हरसूलला. प्रत्येक घरात सहा जण. ऑगस्ट २०२७ च्या आधी पहिले घर सुरू व्हावे.

४. या घरांत काम स्थानिक स्त्रियांना, किमान वेतन आणि प्रशिक्षणासह द्यावे. पाळ्या आणि सुट्ट्या धरल्या तर सहा जणांच्या घराला चार-पाच कर्मचारी लागतात. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला जाणाऱ्या या तालुक्यातल्या बायांसाठी हा गावातला बारमाही रोजगार ठरेल. 'सेवा' म्हणून फुकट राबवून घेणे नको.

५. मेळ्यानंतर किती ज्येष्ठ ओळख न पटलेले राहिले, ते कुठे आहेत, याचा हिशेब नावे उघड न करता जाहीर करावा.

यातल्या धोक्यांकडेही डोळेझाक नको. सरकारने एखाद्या संस्थेला इमारत देऊन टाकली आणि तपासणी केली नाही, तर सोबतीच्या घराचा कोंडवाडा व्हायला वेळ लागत नाही. झोपेची औषधे देऊन गप्प पाडणे, खाटेला बांधणे, निवृत्तिवेतन परस्पर उचलणे हे प्रकार अशा ठिकाणी होऊ शकतात. म्हणून वस्तीतल्या लोकांची देखरेख समिती आणि अचानक तपासणी या अटी पहिल्या दिवसापासून हव्यात. सहाचे घर साठांचे करण्याचा मोह रोखायला हवा. 'एवढ्याच खर्चात जास्त माणसे' हा हिशेब सुरू झाला की घर संपते आणि वॉर्ड सुरू होतो.

'हा आपला प्रश्न आहे का?'

काही मित्र विचारतील, कुंभमेळा आपला नाही, मग त्यात आपण का पडायचे? ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या नाशिकने याचे उत्तर केव्हाच दिले आहे. तो लढा देवदर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. गर्दीत हरवलेल्या आजीला आपण तिची जात किंवा धर्म विचारणार नाही. ती सांगूही शकणार नाही. तिच्याजवळ तेवढे माणूसपण उरले आहे, आणि संविधान त्या माणूसपणाशीच बोलते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी एक प्रश्न उभा केला आहे. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि मृत माणूस एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच पाहिला आणि म्हणून गृहत्याग केला, ही कथा त्यांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. वार्धक्य ही रोज दिसणारी गोष्ट आहे, ती कुणाला एकोणतिसाव्या वर्षी अचानक कशी दिसेल? आपल्यालाही वार्धक्य रोज दिसते. त्याबद्दल नुसते हळहळण्यापेक्षा त्यातले कोणते दुःख समाजाने निर्माण केले आहे आणि ते दूर कसे करायचे, हे आपल्याला शोधायचे आहे.

विनयपिटकातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. अतिसाराने आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो संघाच्या उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून नीट झोपवले, आणि मग संघाला विचारले की तुम्हीच एकमेकांना पाहणार नाही तर कोण पाहणार? तथागतांनी त्या दिवशी हाताने सेवा केली आणि संघासाठी नियमही घालून दिला. आपल्यालाही दोन्ही करायचे आहे.

म्हणून सरकारकडे बोट दाखवताना विहाराकडेही पाहू. आपल्या बहुतेक बुद्धविहारांची दारे सकाळ-संध्याकाळच्या वंदनेपुरती उघडतात आणि दिवसभर बंद असतात. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन-तीन तास डिमेन्शिया असलेल्या ज्येष्ठांसाठी विहार उघडा ठेवायला सरकारी मंजुरी लागत नाही. सतरंजी, चहा, भीमगीते आणि चार तरुण पुरेत. ज्यांना कालचे जेवण आठवत नाही त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचे गाणे पूर्ण आठवते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे. तेवढ्या वेळात घरातली बाई दवाखान्यात जाऊ शकते, झोपू शकते, निदान दाराला कडी न लावता बाजारात जाऊ शकते.

वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांची यादी करा. रक्तदाब, साखर, डोळे, कान यांची तपासणी आशाताईंच्या मदतीने घडवून आणा. कुणाला विसर पडू लागला असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्या. सल्ल्यासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहा. आजाराच्या सुरुवातीला, समज शाबूत असताना, 'पुढे माझी काळजी कशी घ्यावी, माझ्या वतीने कुणी निर्णय घ्यावा' हे लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला आहे. तो अर्ज भरून देणे हे वकिली शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचे काम आहे.

आणि माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला तीन प्रश्न विचारा. जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी सरकारी जागा किती? त्यांत डिमेन्शिया असलेल्यांना प्रवेश आहे का? सिंहस्थाच्या आराखड्यात अशा व्यक्तींसाठी किती रुपयांची तरतूद आहे? उत्तर शून्य आले तर तो कागद घेऊन प्राधिकरणाच्या दारात बसू.

२ ऑगस्ट २०२७ च्या रात्री त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांवर लाखो लोक असतील. त्यांत एखादी आजी असेल, जिला आपण कुठे आहोत हे कळणार नाही. तिला पोलीस चौकीच्या बाकावर बसवायचे की उबदार अंथरुणाच्या खोलीत न्यायचे, हे त्या रात्री ठरणार नाही. ते पुढच्या काही महिन्यांत होणाऱ्या बैठकांत ठरेल. त्या बैठकांत आपला आवाज असला पाहिजे.

जयभीम!